म्हाळगींचा अहवाल आणि आपली ग्रामसभा

निवडून आलेल्या माणसाला शिकवावं लागतं, हे महाराष्ट्रात उजव्या विचारांच्या मंडळींनी फार आधी ओळखलं. १९८२ मध्ये रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी निघाली. भाईंदरजवळ उत्तनला, केशवसृष्टीत तिचं केंद्र आहे. संस्था संघविचारांची, त्यात लपवाछपवी नाही. लोकप्रतिनिधींचे आणि कार्यकर्त्यांचे अभ्यासवर्ग हे तिचं मुख्य काम.

मला तो विचार पटत नाही. तरी ज्यांचं नाव संस्थेला दिलंय त्या म्हाळगींची एक गोष्ट मला आवडते. १९५७ मध्ये ते जनसंघाकडून मावळचे आमदार झाले, पुढे १९७७ आणि १९८० ला ठाण्याचे खासदार. आपण वर्षभरात काय केलं याचा अहवाल ते मतदारांना देत. कुणी मागितला म्हणून नाही, द्यायलाच हवा म्हणून. आज आपलं नेरळही मावळ लोकसभेत येतं. घाटावरच्या मावळातली ही सवय घाट उतरून आपल्याकडे कधी येणार?

आता आपल्याकडे बघा. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आले. पाणी, रस्ते, आरोग्य, शाळा, सगळं त्यात. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांना. म्हणजे दर निवडणुकीत कितीतरी माणसं पहिल्यांदाच खुर्चीवर बसतात. त्यांना अंदाजपत्रक कोण समजावणार? ठरावाचा मसुदा कोण शिकवणार? सरकारी प्रशिक्षण असतं, पुण्याची यशदा आहे. पण दोन दिवसांचा वर्ग करून, हजेरीपटावर सही करून परत आलेला सदस्य पुढे ग्रामसेवक म्हणतील तिथेच सही करतो, हे मी बातम्या करताना बघितलंय. सदस्या निवडून आल्या तर कागद बऱ्याचदा नवरेच हाताळतात.

सरपंच थेट जनतेतून निवडायचा, मग सदस्यांतून, मग पुन्हा थेट, असे बदल २०१७, २०२० आणि २०२२ मध्ये झाले. नियम मुंबईत बदलतात, त्रास गावाला होतो. तेव्हा गावाच्या बाजूने अभ्यास करून बोलणारं कोण होतं?

प्रबोधिनीवर टीका करणाऱ्या मित्रांना म्हणूनच विचारतो : तुमचा वर्ग कुठे भरतो? समाजवादी, आंबेडकरी, काँग्रेसी कुणाचाही असो, कायद्याचं पुस्तक हातात देणारी, वर्षानुवर्षं टिकणारी जागा हवी. एकाच बाजूने शिकवलं तर कायद्याबरोबर तिचा चष्माही जातो. दोष चष्मा देणाऱ्याचा आहेच, पण घरी बसलेल्यांचाही आहे.

आणि मतदारांनो, आपणही कमी नाही. ग्रामसभेला गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग पाच-पंचवीस जणांत गावाचा पैसा ठरतो. पुढच्या ग्रामसभेत आपल्या वॉर्डाच्या सदस्याकडे एकच मागा : वर्षभराच्या कामाचा एका पानाचा लेखी अहवाल. पक्ष कुठलाही असो. दिला तर इथे टाका, मी छापतो. नाही दिला तर तेही सांगा, तीही बातमीच आहे.