पुरोहिताच्या रकान्यातलं नाव

थोरल्या बहिणीच्या लग्नात आमची नदीपलीकडची वरकस जमीन गेली. एका दिवसात नाही गेली. आधी कर्ज झालं. मंडप, बँड, हळदीच्या रात्रीचं गावजेवण, मुलाकडच्यांचे मानपान आणि आहेरांची परतफेड, असं ते वाढत गेलं. पुढे व्याजाने बाबांचा श्वास कोंडला, तेव्हा मुंबईचं एक गिऱ्हाईक दारात आलं आणि बाबांनी सही केली. आज त्या जागेला दगडी कुंपण आहे, आत हिरवळ आहे आणि हंगामात तिथे लग्नं लागतात. कर्जत-मुरबाड रस्त्याच्या दोन्ही अंगांना अशा जागा आता पुष्कळ झाल्या आहेत. त्यातल्या कितींच्या सातबाऱ्यावर आधी एखाद्या मुलीच्या बापाचं नाव होतं, ते गावातली माणसं बोट दाखवून सांगतात.

बाबा याबद्दल कधी बोलले नाहीत. पण 2008 साली माझं लग्न ठरलं आणि ते उरलेल्या शेताचे कागद पिशवीत घालून कर्जतला निघाले. आत्याने त्यांना ओटीवरच अडवलं. कशेळ्याच्या बाजारात भाजी विकून तिने स्वतःचा संसार एकटीने ओढला होता. ती म्हणाली, "दादा, शेत इकून पोर उजवायची नाय. पोरीला इचार, तिला काय पायजे." घरात हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी काढला होता. मी म्हटलं, मला शेत राहिलेलं पाहिजे.

माझं लग्न लहान झालं ते त्या एका अडवण्यामुळे. आत्याचं ऋण मी पहिलं मानते.

कर्ज काढून लग्न करणं हे आपल्या भागाचं फार जुनं दुखणं. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू-तलासरीकडे, लग्नासाठी सावकाराकडून उचललेल्या थोड्या पैशांपायी आदिवासी जोडपी वर्षानुवर्षं त्याच्या दारी राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. संसाराचा पहिला दिवस हाच गुलामीचाही पहिला दिवस. 1945 मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली उभे राहिले आणि वेठ मोडली. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो सगळा काळ आहे. वेठबिगारी बंद करणारा देशाचा कायदा यायला मात्र 1976 उजाडलं. आमच्या बाजूला भाई कोतवालांचं नाव घराघरात घेतात ते 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर त्यांनी आणि हिराजी पाटलांनी दिलेल्या बलिदानासाठी. पण माथेरानच्या या माणसाने त्याआधी धान्यपेढ्या काढल्या होत्या, गरीब शेतकऱ्याला सावकाराची पायरी चढावी लागू नये म्हणून. मला ते काम बलिदानाइतकंच मोठं वाटतं. आत्याने यातलं काही वाचलेलं नव्हतं. तिला भावाचा चेहरा दिसत होता, तेवढं तिला पुरेसं होतं.

बोलावणं कुणाकुणाला करायचं ते तिनेच ठरवलं. तोरणादारी कोण आलं ते सोड, मरणादारी कोण आलं ते आठव, असं तिने मला सांगितलं. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. त्या दिवसांत आमच्या चुलीवर कुणी भात चढवला, बाबांना शेतावर कुणी पाठवलं, माझी वेणी कुणी घातली, असं आठवत आठवत आम्ही दोघींनी नावं काढली. भावकीतली काही माणसं त्यात आली नाहीत. त्यांना राग आला, तो राग आत्याने स्वतःच्या अंगावर घेतला.

खरा पेच दुसराच होता. लग्न लावणार कोण?

माझ्या नवऱ्याला नोंदणी विवाह पसंत होता. पण त्यासाठी अलिबागला जायचं, नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, पुन्हा तीन साक्षीदार घेऊन जायचं. त्याचं बाबांना काही नव्हतं, फक्त लग्न अंगणात लागावं एवढंच त्यांचं म्हणणं. आत्या म्हणाली, धवलारीण आजीला बोलावू. आगऱ्यांच्या घरी हळद, देवक, मांडव सगळं धवलारणीच्या गाण्यावर, धवल्यांवर, चालतं, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. पण अलीकडे तिला एका कोपऱ्यात बसवत आणि लग्न लावायला भटजी येत. तिने एकटीने लग्न लावायचं, हे चौक गावच्या माझ्या सासऱ्यांना पटेना. कायद्याने हे लग्न धरतील का, अशी त्यांना धास्ती होती.

नवरा खोपोलीला कारखान्यात होता, वाचणारा होता. त्याने वडिलांसमोर 1955 चा हिंदू विवाह कायदा ठेवला. सातव्या कलमात स्पष्ट आहे की वर किंवा वधू, कोणत्याही एका बाजूच्या रूढीप्रमाणे विधी झाले तरी लग्न वैध असतं. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने 25 डिसेंबर 1873 ला पुण्यात भटजीविना पहिलं लग्न लावलं, तेही त्याने सांगितलं. सासरे ऐकून घेत होते, पण मान हलवत नव्हते. शेवटी आतल्या खोलीतून आजेसासूबाई बाहेर आल्या. त्यांनी मुलाला विचारलं, "माझं लगीन कुणी लावलं? धवलारणीनंच ना? मग तू कोण?" बोलणी तिथे संपली. त्यांच्या या तीन वाक्यांचंही देणं माझ्यावर आहे.

धवलारीण आजी आमच्यापासून दोन गावं पलीकडे राहायच्या. काष्टी लुगडं, जाड काचेचा चष्मा, आवाज खर्जातला. गोड आवाज म्हणतात तसा तो नव्हता. आणि त्या गाताना डोळे मिटायच्या नाहीत. समोरच्या माणसांकडे बघत गायच्या, कारण कोण आलंय ते पाहून पुढची ओळ ठरायची. पुढे मी त्यांच्याकडे शिकायला गेल्यावर कळलं की त्यांच्या मुखात शेकडो कडवी होती, पण दोन लग्नांत धवला कधीच सारखा आला नाही. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आपण जिचं नाव घेतो, त्या तेराव्या शतकातल्या महानुभाव महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळेच रचले होते. आजींना महदंबा ठाऊक नव्हती. मला मात्र त्या दोघी एकाच ओटीवर बसलेल्या दिसतात.

लग्नाआधी आजी आमच्याकडे येऊन बसल्या आणि त्यांनी दोन्ही घरांतल्या गेलेल्या माणसांची नावं विचारली. मी कारण विचारलं. "जित्यांना तुझा बापूस सांगंल," त्या म्हणाल्या, "मेलेल्यांना मी सांगते." आईचं नाव मी सांगितलं. त्यांनी माहेरचं विचारलं, तेव्हा मी बाबांकडे बघू लागले. आजींनी त्यांना बोलू दिलं नाही. "ऱ्हाऊ दे, माझ्या ध्यानात हाय. तिचं लगीन मीच लावलेलं."

आमचं गाव पेजेच्या काठी. भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी या नदीत येतं म्हणून ती वैशाखातही वाहती असते. डोंगराकडच्या वाड्यांवर त्या दिवसांत टँकरची वाट बघतात आणि आमच्याकडे लग्नाचा स्वयंपाक नदीच्या भरवशावर होतो. हा फरक मला तेव्हाही बोचत होता, कारण आमच्या पत्रावळी तसल्याच एका ठाकरवाडीतून आल्या. बाजारातली आत्याची जोडीदारीण, तिला आम्ही मावशी म्हणायचो, पळसाची पानं घेऊन स्वतः आली आणि पडवीत बसली. तिचे हात मी तासन् तास पाहिले आहेत. पान पालथं करायचं, देठ खुडायचा, दुसरं पान त्यावर अर्धं चढवायचं, बारीक काडी आत घालून बाहेर काढायची, टोक मोडायचं. मोडलेल्या टोकाचा बारीक आवाज यायचा, की पुढचं पान हातात. जेवताना बोटाला काडी लागू नये म्हणून टोक नेहमी खालच्या अंगाला. घरची पत्रावळ आणि विकायची पत्रावळ यात तिने कधी फरक केला नाही. पैसे द्यायला गेल्यावर तिने बाजारभावाने हिशोब करून घेतले, एक रुपया कमी नाही की जास्त नाही, आणि मग स्वतःच्या पिशवीतून माझ्यासाठी करवंदं काढली.

टोप, पराती, कढया गावकीच्या. तांदूळ बाबांच्या शेतातला, कर्जत-3. हे वाण आमच्याच तालुक्यातल्या भात संशोधन केंद्राने दिलेलं. भाताच्या कापणीनंतर त्याच ओलीवर झालेले वाल होते, त्यांचं बिरडं झालं. सोबत तांदळाचे वडे, खीर, आंबे. हळदीला बायकांनी जात्यावर हळद दळली, घाणा भरला आणि रात्री आजींच्या गाण्याखेरीज दुसरा आवाज नव्हता. पोरांनी स्पीकर मागितला होता. आजेसासूबाई चौकहून आल्या आहेत आणि त्यांना ऐकायचं आहे, असं सांगितल्यावर पोरं गप्प बसली, आणि नंतर जवळ येऊन ऐकतही बसली.

दुसऱ्या दिवशी मांडवात आजींनी आधी गणपतीला बोलावलं, मग कार्ल्याच्या एकवीरेला, ग्रामदेवतेला, पेज नदीला. मग आमची माणसं. पणजोबा, आजोबा, नवऱ्याचा लहानपणी गेलेला भाऊ. आणि मग आईचं नाव आलं, पण मला ठाऊक असलेलं नव्हे. तिच्या माहेरचं नाव आलं, गावासकट, बापाच्या नावासकट, जणू ती अजून त्या गावची मुलगी होती आणि लेकीच्या लग्नाला तिकडून चालत निघाली होती. बाबा मेढीला धरून उभे होते, ते खाली बसले. मांडवात कुणी कुणाला काही सांगितलं नाही. आजींनी त्यांच्याकडे बघितलं आणि पुढचं कडवं थोडं लांबवलं, बाबांना उठायला वेळ मिळावा म्हणून.

लग्नाची नोंद करायला आम्ही ग्रामपंचायतीत गेलो. त्या अर्जात पुरोहिताचं नाव, पत्ता आणि सही यांचा रकाना असतो. ग्रामसेवकांनी भटजींचं नाव विचारलं. नवऱ्याने सातवं कलम तोंडपाठ केलं होतं, ते तो म्हणू लागला. ग्रामसेवकांनी त्याला थांबवलं आणि आजींकडे वळून विचारलं, "लग्न तुम्ही लावलंत?" आजी हो म्हणाल्या. "मग नाव तुमचंच येणार." त्यांनी लिहून घेतलं आणि शाईचा पॅड पुढे केला. आजींनी सवयीने अंगठा लुगड्याला पुसला, आणि मग म्हणाल्या, "पेन द्या." साक्षरता वर्गात त्या सही शिकल्या होत्या. एक एक अक्षर सुटं, रेघेच्या वर तरंगणारं. इतकी लग्नं लावली त्यांनी, पण कागदावर ते काम त्यांच्या नावाने पहिल्यांदा लागलं. तो दाखला आमच्याकडे आहे. त्या ग्रामसेवकांची पुढे बदली झाली, त्यांची पुन्हा भेट झाली नाही. एका साध्या प्रश्नावर त्यांनी नियमाचा अर्थ माणसाच्या बाजूने लावला, हे मी विसरणार नाही.

लुगडं, नारळ आणि शिधा एवढंच आजींनी घेतलं. पाकीट त्यांनी परत केलं आणि त्याऐवजी मला एक काम सांगितलं. धवला एकटीने पुरा होत नाही, मागून झेलणारी लागते. त्यांची झेलकरीण थकली होती. "माझ्या मागं झेलायला ये," त्या म्हणाल्या. मी गेले. चौकहून कर्जतला यायचं, तिथून रिक्षाने त्यांच्या गावी, मग त्यांच्याबरोबर कुणाच्या तरी मांडवात. ऐकायची मी आणि उचलायची. रात्री वहीत उतरवायची. वहीत शब्द येतात, पण कुणाकडे बघून कोणती ओळ घ्यायची ते उतरत नाही, ते मांडवातच शिकावं लागलं. 2019 मध्ये आजी गेल्या.

पुढे टाळेबंदीच्या काळात लग्नं लहान झाली. 2021 च्या एप्रिलमध्ये तर पंचवीस माणसं आणि दोन तास असा सरकारी नियमच होता, मोडला तर पन्नास हजार दंड. आता खर्च कायमचा आवरेल, असं पुष्कळांना वाटलं होतं. बंदी उठली आणि मांडव आधीपेक्षा मोठे झाले. मला त्यात नवल वाटलं नाही. माणसं कमी झाली होती, पण जी होती त्यांच्या वाट्याला काम आलं नव्हतं. आता आमच्याकडच्या जागांवर मोजक्या पाहुण्यांची, घरगुती म्हणवणारी लग्नंही लागतात. तिथे तोरण बांधणारा, वाढणारा, गाणारा प्रत्येक जण पैशाने आणलेला असतो. त्या नवरानवरीचं भलंच होवो. पण लग्नानंतर दोघांनी कुणाच्या घरी जाऊन पाया पडावं, असं त्यांच्यासाठी कुणी राबलेलंच नसतं. माझ्या लग्नानंतर आम्हाला एवढ्या दारी जायचं होतं की श्रावण लागला.

भावाच्या मुलीचं लग्न ठरलं आहे. मुलगा खोपोलीचा. बाबांचं शेत अजून आमच्या नावावर आहे आणि अंगणही तेच आहे. भाचीने मला विचारलं, "आत्या, तू लावशील?" मी लगेच हो म्हटलं नाही, कारण मी झेलणारी आहे, पुढे होऊन गायची सवय मला नाही. पण तिच्या सासरच्या गेलेल्या माणसांची नावं मी विचारून घेतली आहेत, माहेरच्या नावांसकट. पत्रावळींना मावशीची सून येणार आहे, बाजारभावाने. तेलवणाच्या धवल्यातली मधली काही कडवी माझ्या वहीत अर्धवट आहेत. कडावच्या बाजूला एक म्हाताऱ्या धवलारीण आहेत, त्यांना ती पाठ आहेत असं ऐकलं. येत्या रविवारी भाचीला घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे, मागून झेलायला तिलाच शिकवायचं म्हणते.