पाण्यावरच्या घरातला बंब

इंग्लंडला जाऊन आलेली मंडळी लंडनचं वर्णन करतात. मी मात्र तुम्हाला नेणार आहे नॉर्दम्प्टनशायरमधल्या स्टोक ब्रुअर्न या चिमुकल्या खेड्यात. लंडनहून बर्मिंगहॅमला जाणारा १३७ मैलांचा ग्रँड युनियन कालवा या गावातून जातो. काठावर जुनी दगडी घरं, एका जुन्या गिरणीत कालव्यांचं संग्रहालय आणि पाण्यावर ओळीनं उभ्या लांबट होड्या. यांना म्हणतात नॅरोबोट. रुंदी जेमतेम ७ फूट! आपली चाळीतली खोलीसुद्धा ऐसपैस वाटावी.

पूर्वी या होड्यांतून कोळसा जाई. नवरा-बायको आणि मुलांचा सगळा संसार मागच्या टीचभर खोलीत. पिण्याचं पाणी फुलं रंगवलेल्या डब्यात भरून छपरावर ठेवायचं आणि स्वयंपाक कोळशाच्या चुलीवर. गावाजवळच १८०५ साली खुला झालेला, ३०७६ यार्ड लांबीचा ब्लिसवर्थचा बोगदा आहे. आत घोड्याला वाट नाही, म्हणून माणसं फळीवर उताणी पडून पायांनी भिंत रेटत होडी पलीकडे नेत. आता होड्या हौसेच्या झाल्या. नळ आले, शॉवर आला, गरम पाण्याचा बंब आला. सोयी आल्या तशा नळ्याही आल्या, आणि त्यांच्यासोबत हिवाळ्याची काळजी!

माझ्या वन्सं आणि त्यांचे यजमान यांनी निवृत्तीनंतर साठवलेल्या पैशांतून अशी एक जुनी होडी घेतली. २०२३ च्या एप्रिलमध्ये शाळेला सुटी लागली आणि मी त्यांच्याकडे गेले. आठ दिवस कालव्यानं फिरायचा बेत होता. धक्क्यावरच्या नळानं टाकी भरली, पंप लावला. नळ बंद असले की पंप आपोआप थांबायला हवा. पण तो घरघरतच राहिला! वन्संनी लगेच पंप बंद केला आणि मागची फळी उचलली. खाली पाणीच पाणी.

पहिली धडकी भरली ती होडीच्या तळाला भोक पडल्याची. पण पाणी स्वच्छ होतं, कालव्याचं गढूळ नव्हतं. वन्संनी ते फडक्यानं टिपलं, कोरडं केलं आणि पाच मिनिटं पंप लावून पाहिलं. बंबाच्या बुडाशी धार लागली होती. तांब्याची टाकी शिवणीवर उकलली होती.

झालं होतं असं. शरद ऋतूत होडी बंद करताना पाणी काढायचं काम धक्क्यावरच्या कारागिराला दिलं होतं. त्यानं पुढची टाकी रिकामी केली, नळ उघडे ठेवले, पण बंबाच्या तळाची तोटी उघडलीच नाही. बंब भरलेलाच राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये तिकडे कडाक्याची थंडी पडली. १०० वाट्या पाण्याचा बर्फ झाला की त्याला सुमारे १०९ वाट्यांची जागा लागते. फ्रीजरमध्ये काठोकाठ भरलेली बाटली का फुटते, ते आपण जाणतोच. गोठलेलं असेपर्यंत काही कळत नाही. गळती दिसते ती वसंतात, पाणी सोडल्यावर. इंजिनाच्या पाण्यात न गोठण्याचं औषध असतं, पण आंघोळीच्या पाण्यात ते नसतं. फळ्या फुगल्या होत्या, नवा बंब घ्यावा लागला आणि सहलीचे पैसे त्यातच गेले.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाची लेक-सून तिकडे असेल, किंवा सुटीत अशी होडी भाड्यानं घ्यायचा योग आला, तर एवढं ध्यानात ठेवा.

नळ बंद असताना पंप मधूनमधून चालू होत असेल, तर कुठेतरी गळतंय असं समजा आणि आधी पंप थांबवा. पाण्यावाचून बंब पेटवायचा नाही, हे आपल्या आज्या सांगत आल्या. इथंही बंब भरल्याची खात्री झाल्याशिवाय वीज किंवा गॅस लावू नये. पाणी तापताना सुरक्षा-झडपेतून थोडे थेंब पडले तर घाबरू नका, पण बंब गार असतानाही ठिबकत असेल तर झडप दाखवून घ्या. गरम पाण्याला निळी-गुलाबी छटा दिसली तर इंजिनाचं औषध त्यात मिसळलं असण्याचा संभव आहे. ते विषारी असतं. ते पाणी चहालाच काय, चूळ भरायलाही घेऊ नये. गॅसचा बंब असेल तर त्याला नोंदणीकृत कारागिराचाच हात लागू द्या. त्याच्या धुराची वाट बिघडली तर बंद खोलीत जिवावर बेततं.

आणि होडी हिवाळ्यासाठी बंद करताना पंप थांबवून गरम-गार दोन्ही नळ उघडा. बंबाच्या तळाची तोटी उघडून पाणी पूर्ण जाऊ द्या. शॉवरची नळी खाली सोडा, पंप आणि गाळणीतलं पाणीही काढा. नळ उघडेच ठेवा, आणि बंबावर 'रिकामा आहे' अशी चिठ्ठी अडकवा. काम दुसऱ्याला दिलं असेल, तर ती तळाची तोटी त्याला आपल्यासमोर उघडायला लावा.