सतरा कसोट्या

आमच्या भागात एखाद्या हुशार मुलाविषयी बोलताना लोक फार लवकर काळ बदलतात. 'काय पोरगं आहे!' असे दोन-चार वर्षे चालते. आणि मग एके दिवशी, तो मुलगा समोर बसून चहा पीत असतानाच, कोणीतरी सहज म्हणून जाते, 'काय पोरगं होतं!' या 'आहे' आणि 'होतं' यांच्यामध्ये त्याचे काय झाले, हे विचारण्याची कोणाला गरज वाटत नाही. वर्तमानकाळाचा भूतकाळ झाला की निकाल लागला, असेच आपण समजतो.

मी वर्गात व्याकरण शिकवतो, म्हणून हा बदल मला जरा अधिक खुपत असेल. पण खरे कारण निराळे आहे. हे वाक्य मी दोन माणसांविषयी ऐकत मोठा झालो. एक विनोद कांबळी, आणि दुसरा माझा सख्खा थोरला भाऊ.

१९८८ च्या फेब्रुवारी महिन्यातली गोष्ट. दादा दहावीला होता आणि मी दहा वर्षांचा. चिखली तालुक्यातल्या आमच्या खेड्यात वर्तमानपत्र दुपारच्या एस.टी.ने येई, आणि पाराजवळच्या हॉटेलात एकाने मोठ्याने वाचायचे व बाकीच्यांनी ऐकायचे, अशी पद्धत होती. त्या दिवशी वाचणाऱ्यालाच आकडा खरा वाटेना. मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या दोन पोरांनी सेंट झेवियर्स शाळेविरुद्ध ६६४ धावांची अभंग भागीदारी केली होती. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. त्या भागीदारीत मोठा वाटा कांबळीचा होता, हे आज पुष्कळांना आठवत नाही. दादाला मात्र ते त्या दिवसापासून पाठ आहे. दादाही सोळा वर्षांचा, कांबळीही सोळा वर्षांचा. आणि दादा गावच्या मैदानावर डावखुरा खेळणारा एकटाच. एवढे नाते त्या वयात पुरेसे असते. कांबळी कांजूरमार्गहून गर्दीच्या लोकलने शिवाजी पार्कला आचरेकर सरांकडे जातो, हे पुढे केव्हातरी वाचल्यावर तर दादाला तो आपल्याच घरातला वाटू लागला. कारण दादाही शाळेसाठी रोज एस.टी.च्या दांडीला लोंबकळत चिखलीला जात असे.

त्याच उन्हाळ्यात दहावीचा निकाल लागला. दादा तालुक्यात पहिला आला. शाल-श्रीफळ झाले, ग्रामपंचायतीपुढे सत्कार झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून गाव त्याला 'डॉक्टर' म्हणू लागले. वडिलांनी दोन एकर गहाण टाकून त्याला अकोल्याला विज्ञान शाखेला घातले. मला आठवते, तो निघाला तेव्हा त्याला एस.टी.वर पोहोचवायला निम्मे गाव आले होते. एवढी माणसे आपल्याला पोहोचवायला येतात तेव्हा परत येणे किती कठीण करून ठेवतात, हे मला फार उशिरा समजले.

बारावीला त्याचे मेडिकल थोड्या गुणांनी हुकले. तो पुन्हा परीक्षेला बसला, पुन्हा हुकले. १९९१ साली तो ट्रंक घेऊन घरी आला, आणि वर्षभराने वडिलांनी ओळखीने त्याला चिखलीच्या एका कृषी सेवा केंद्रात बसवून दिले. बियाणे, खते, औषधे. 'डॉक्टर' ही हाक मात्र तशीच राहिली. फक्त ती मारताना लोक आता किंचित हसत.

दुकानातल्या ट्रान्झिस्टरवर दादाने विनोद कांबळीचे १९९३ साल ऐकले. कोणत्याही फलंदाजाला हेवा वाटावा, असे ते वर्ष होते. जानेवारीत इंग्लंडविरुद्ध कलकत्त्याला कसोटीत पदार्पण. फेब्रुवारीत त्याच मालिकेत वानखेडेवर २२४. मार्चमध्ये दिल्लीला झिंबाब्वेविरुद्ध २२७. पुढे श्रीलंकेत १२५, आणि मग १२०. लागोपाठच्या तीन डावांत तीन शतके, तीही तीन निरनिराळ्या देशांविरुद्ध! कसोटीतल्या हजार धावा त्याने अवघ्या चौदा डावांत पुऱ्या केल्या. त्याआधी कोणाही भारतीयाने तो टप्पा इतक्या लवकर गाठला नव्हता. १९९४ च्या एप्रिलमध्ये शारजाला त्याने शेन वॉर्नच्या एका षटकात बावीस धावा कुटल्या. तो खेळत असला की युरियाचे पोते मागायला आलेल्या गिऱ्हाइकालाही षटक संपेपर्यंत थांबावे लागे.

मग उतरण लागली. १९९४ च्या अखेरीस वेस्ट इंडीजचा संघ आला आणि त्यांच्या वेगवान गोलंदाजांनी आखूड, उसळते चेंडू टाकून त्याची उणीव जगाला दाखवून दिली. एका पराक्रमी वर्षानंतर असे वर्ष पुष्कळांच्या वाट्याला येते. पण कांबळीला कसोटीत सावरायला फारसा अवधी मिळाला नाही. १९९५ च्या नोव्हेंबरात कटकला न्यूझीलंडविरुद्ध तो जी कसोटी खेळला, ती त्याची शेवटची ठरली. तेव्हा त्याला चोविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. सतरा कसोट्या, १०८४ धावा, सरासरी ५४.२०. एकदिवसीय सामने तो अधूनमधून २००० सालापर्यंत खेळला. ते १०४ भरले.

१३ मार्च १९९६ ची रात्र मात्र वेगळी लिहायला हवी. माझी बारावीची परीक्षा चालू होती, तरी शेजारच्या टी.व्ही.पुढे मी होतोच. ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना. आठवडाभरापूर्वीच कानपूरला कांबळीने झिंबाब्वेविरुद्ध १०६ केले होते. श्रीलंकेच्या २५१ धावांचा पाठलाग करताना आपण एक बाद ९८ पर्यंत ठीक होतो. सचिन यष्टिचीत झाला आणि बघता बघता आठ बाद १२० झाले. प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, जाळपोळ केली. पंच आणि खेळाडू बाहेर गेले, आणि अखेर सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला देऊन टाकला. कांबळी दहा धावांवर नाबाद होता. तो रडत रडत मैदानाबाहेर आला.

खोलीत पंधरा-वीस माणसे होती. कोणी शिव्या देत होते, कोणी डोक्याला हात लावून बसले होते. एकजण म्हणाला, 'रडून काय होते आता?' दादा काही न बोलता उठला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला. मी मागोमाग गेलो. त्याने एवढेच विचारले, 'उद्या कोणता पेपर आहे?' मी सांगितले. तो म्हणाला, 'मग जा, झोप.' त्या रात्री तो बराच वेळ ओट्यावर होता. मी आतून पाहत होतो आणि सामन्याचे दुःख इतके कसे होते, म्हणून नवल करीत होतो. आज वाटते, सामन्याचे दुःख तेवढे नसावे. तो माणूस बाद झाला नव्हता. बाद न होताही खेळ संपू शकतो, हे ज्याला माहीत होते असा त्या खोलीत दादा एकटाच होता.

माझा भाचा अमेरिकेत नोकरीला आहे. तिकडच्या फुटबॉलविषयी त्याने एकदा मला सांगितले. तिथे दरवर्षी महाविद्यालयांतले खेळाडू मोठे संघ क्रमाने निवडून घेतात. त्यांत 'क्वार्टरबॅक', म्हणजे चेंडू कोणाकडे फेकायचा हे ऐन धामधुमीत ठरवणारा खेळाडू, याला सर्वांत मोल. १९९८ साली असे दोन तरुण होते: पेटन मॅनिंग आणि रायन लीफ. पहिला कोणाला घ्यावा, यावर तिथे वाद रंगले होते. मॅनिंग पहिला निवडला गेला, लीफ दुसरा. मॅनिंग त्या खेळातल्या थोरांत गणला गेला. लीफ २००१ पर्यंत कसाबसा टिकला. त्याच्या चौदा फेकींतून गुण आले आणि छत्तीस प्रतिपक्षाने मधेच पकडल्या. पुढे व्यसन, तुरुंग, आणि त्यातून बाहेर पडल्यावर व्यसनात सापडलेल्यांना हात देण्याचे काम. भाचा म्हणाला, 'मामा, हा त्यांचा विनोद कांबळी.'

मी मान डोलावली; पण नंतर वाटले, हे बरोबर नाही. लीफला यश मिळालेच नाही. कांबळीला मिळाले, दोन द्विशतकांएवढे, चार शतकांएवढे मिळाले. मग दोघे एकाच फडताळात कसे बसले? कारण आपण त्यांनी काय केले हे मोजत नाही. आपण त्यांच्याकडून काय मागितले होते, हे मोजतो. आणि शेजारी एक सचिन उभा केला की कोणाचेही माप अपुरे पडते. कसोटीतली सचिनची सरासरी ५३.७८, कांबळीची ५४.२०. अर्थात दोनशे कसोट्यांची सरासरी आणि सतरांची सरासरी एका तराजूत घालता येत नाही, हे मीही जाणतो. दादाही जाणतो. तो कधीच तसे म्हणाला नाही.

कांबळीच्या घसरणीची कारणे सांगणारे पुष्कळ आहेत. शिस्त नव्हती, कीर्ती लवकर आली, असे ते म्हणतात. त्यात काही खरे असेलही. पुढचे आजारपण, पैशाची ओढाताण आणि व्यसन यांविषयी तो स्वतःच उघडपणे बोलला आहे. त्याचे सारे बरोबर होते, असे मला मुळीच म्हणायचे नाही. मला म्हणायचे आहे ते त्याच्याविषयी नाहीच, आपल्याविषयी आहे.

३ डिसेंबर २०२४ ला शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाचे अनावरण झाले. व्यासपीठावर बसलेला कांबळी, त्याला भेटायला आलेला सचिन, आणि कांबळीने धरून ठेवलेला त्याचा हात. ही चित्रफीत घरोघरच्या मोबाइलवर फिरली. दोन-तीन दिवसांनी मी चिखलीला दादाच्या दुकानी बसलो होतो. दुकान आता त्याचे स्वतःचे आहे. एका गिऱ्हाइकाने मोबाइल पुढे केला आणि चुकचुकत म्हटले, 'वाया गेलं बिचारं पोरगं.'

दादा पावती लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, 'काहून? दिल्लीला दोनशे सत्तावीस केले, त्या दिवशी बी वायाच गेला होता का?'

गिऱ्हाईक हसले, पैसे देऊन निघून गेले. मी मात्र बसल्या जागी खिळलो. मला एक जुना प्रसंग आठवला. आमच्या घरी लग्नकार्य होते आणि माझे सहकारी प्राध्यापक आले होते. ओळख करून देताना मी म्हणालो होतो, 'हे माझे मोठे बंधू. फार हुशार होते.' दादा हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. त्याने हसून सर्वांना पाणी दिले. माझे एम.ए. ज्या दुकानाच्या गल्ल्यातून झाले, गहाण पडलेले दोन एकर ज्याने सोडवून आणले, त्या माणसाला मी, व्याकरणाच्या मास्तराने, सर्वांसमक्ष भूतकाळात घातले होते! त्याने ते ऐकले होते, याची मला खात्री आहे. तो कधी काही बोलला नाही.

त्या दिवशी दुकानात मला त्याची क्षमा मागता आली असती. मागितली नाही. आमच्याकडे भावाभावांत तशी रीत नाही. मी नुसता बसून राहिलो आणि त्याचे काम पाहू लागलो. पावसाळ्यात सोयाबीन पिवळे पडले की शेतकरी रोप उपटून त्याच्याकडे आणतात. पान उजेडात धरून तो सांगतो की हा रोग आहे की नुसती लोहाची कमतरता. आणि फवारणीची गरज नसेल तर 'उगाच पैसे घालू नको' असे सांगून गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवतो. दुकानदाराला हे परवडत नाही. तरी ते दुकान तीस वर्षे चालले आहे, आणि लोक दहा कोसांवरून रोप घेऊन येतात. 'डॉक्टर आहेत का?' असे विचारतात. आता ती हाक मारताना कोणी हसत नाही.

दर जूनमध्ये आमच्या महाविद्यालयात नवी मुले येतात. त्यांतली काही दुसरीकडे कुठेतरी जायला निघालेली असतात आणि गुण कमी पडले म्हणून आमच्याकडे आलेली असतात. पहिल्या बाकावर बसून ती खाली मान घालतात. गावाने त्यांचा काळ आधीच बदलून टाकलेला असतो. त्यांना मी उपदेश करीत नाही. फक्त क्रियापदाचे काळ शिकवताना फळ्यावर एक वाक्य लिहितो. पूर्वी 'राम आंबा खातो' असे लिहीत असे. आता दुसरे लिहितो.

माझा भाऊ हुशार आहे.