फोन कोणासाठी होता?

दसरा उलटला की १९०९ या क्रमांकावर येणाऱ्या, नकोशा जाहिरात-फोनांविरुद्धच्या तक्रारींचा सूर बदलतो. एरवी कर्ज आणि क्रेडिट कार्ड; दिवाळीच्या तोंडावर त्यात फ्लॅट, प्लॉट आणि गाड्यांची भर पडते. मी बरीच वर्षे एका मोबाइल कंपनीत या तक्रारी वाचल्या आणि त्यांवर कारवाईचे शेरे लिहिले. आता ग्राहकांच्या बाजूने बसते, त्यांना तक्रारी लिहून देते. दोन्हीकडून पाहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे: आपली अंमलबजावणी नंबराच्या मागे धावते आणि ज्याच्या धंद्यासाठी तो फोन झाला त्याला हातही लावत नाही.

नियम नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. दूरसंचार नियामक ट्रायची पहिली नियमावली २००७ची, दुसरी २०१०ची, सध्याची २०१८ची. या शेवटच्या नियमावलीने एसएमएसच्या बाबतीत खरोखर मोठे काम केले. व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेने ब्लॉकचेनवर आधारलेल्या यंत्रणेत नाव नोंदवायचे, हेडर (संदेशावर दिसणारे पाठवणाऱ्याचे नाव) नोंदवायचा आणि मजकुराचा साचाही आधी मंजूर करून घ्यायचा. साच्यात ओटीपी, रक्कम, तारीख यांच्या जागा मोकळ्या. बाकीचा मजकूर नोंदवल्याप्रमाणेच असला पाहिजे. जुळला नाही तर संदेश वाटेतच अडतो. ८ मार्च २०२१ रोजी ही गाळणी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने लावली, तेव्हा बँकांचे ओटीपी अडकले, लसीकरणाच्या नोंदणीचे संदेश अडकले, कारण अनेक संस्थांनी साचे नीट नोंदवलेच नव्हते. दुसऱ्याच दिवशी गाळणीला सात दिवसांची स्थगिती द्यावी लागली. गोंधळ मोठा झाला, पण यंत्रणा अडवू शकते हेही त्या दिवशी दिसले. २०२५च्या दुरुस्तीनंतर तर हेडरच्या शेवटी अक्षरच येते: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी संदेशाला जी. बँकेच्या नावाने आलेल्या मेसेजच्या शेवटी काय आहे ते बघायची सवय घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर लावावी.

अडचण आहे ती बोलत्या फोनची. आवाजाला साचा नसतो. जाहिरातीच्या फोनसाठी १४०ने सुरू होणारे क्रमांक आहेत, बँका-विमा कंपन्यांच्या सेवेच्या फोनसाठी १६००ची मालिका आहे. पण १४० दिसला की लोक उचलत नाहीत, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणून तो साधे दहा आकडी सिम वापरतो किंवा कार्यालयाच्या नावाने पीआरआय लाइन घेतो. एका पीआरआयवर एकाच वेळी तीस जण बोलू शकतात आणि तिच्यासोबत नंबरांची सलग मालिका मिळते. तुम्ही एक नंबर ब्लॉक करता. पुढचा फोन शेवटचा आकडा बदलून येतो. ‘किती ब्लॉक करू हो?’ असे मला विचारतात, त्याचे कारण हे आहे.

आता एक तक्रार जवळून पाहू. नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेने लिहिले होते: ‘रोज दुपारी लोनवाले फोन करतात. नको म्हटले तरी ऐकत नाहीत. कृपया बंद करा.’ यात कोणता नंबर, कोणती तारीख, काहीच नाही. नियमाप्रमाणे तक्रार अपुरी. तपशील मागवला, तो मिळाला, पण तोवर तक्रारीची तीन दिवसांची मुदत टळली होती. पुढचा टप्पा आणखी कठीण. नोंदणी नसलेल्या नंबराविरुद्ध सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तरच कारवाईचे चक्र फिरायचे. सिम आलटून पालटून वापरणाऱ्याच्या एका नंबरावर दहा तक्रारी जमायच्या कशा? बाईंचा त्रास खरा होता, नियमही पाळले गेले होते आणि तरी हाती काही आले नाही.

फेब्रुवारी २०२५च्या दुरुस्तीने यातले बरेच काही सुधारले. आता तक्रारीला सात दिवसांची मुदत आहे, दहा दिवसांत पाच तक्रारी पुरतात, तीस दिवसांऐवजी पाच दिवसांत कारवाई करायची आहे आणि अशा नंबराविरुद्ध तक्रार करायला ‘जाहिराती नकोत’ अशा डीएनडी यादीत नाव असण्याची अट नाही. पहिल्या खेपेला पंधरा दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा केले तर सगळी कनेक्शन वर्षभर बंद. त्याआधी ऑगस्ट २०२४मध्ये ट्रायने बेकायदा टेलिमार्केटरची सर्व कनेक्शन तोडण्याचा आदेश दिला, तेव्हा काही आठवड्यांत पावणेतीन लाखांहून अधिक कनेक्शन तुटली आणि पन्नासहून जास्त संस्था काळ्या यादीत गेल्या. ही कारवाई मी मनापासून महत्त्वाची मानते.

पण काळ्या यादीत गेले कोण? ज्याच्या नावावर कनेक्शन होते तो. बिल्डर विक्रीचे काम एजन्सीला देतो, एजन्सी ते पोटएजन्सीला देते आणि पोटएजन्सी भाड्याच्या गाळ्यात पगारावर ठेवलेल्या मुलामुलींना याद्या देते. कनेक्शन तुटते ते या शेवटच्या टोकाला. मुलांची नोकरी जाते, गाळा बदलतो, बिल्डरचे बुकिंग चालूच राहते.

असे होण्याचे मूळ अधिकारात आहे. ट्रायचा हात पोचतो तो दूरसंचार कंपन्यांपर्यंत. बिल्डर, सावकारी अ‍ॅप, क्लासचालक यांना ट्राय थेट दंड करू शकत नाही. जे करायचे ते कंपन्यांकरवी. आणि कंपन्यांसाठी शेकडो लाइन घेणारा एजन्सीवाला हा गिऱ्हाईक असतो, हे मी आतून पाहिले आहे. खरे तर २०१८च्या नियमावलीत ‘पाठवणारा’ कोण याची व्याख्या पुरेशी रुंद आहे. फोन करणारा तर त्यात येतोच, पण फोन करवून घेणाराही येतो. ग्राहक व्यवहार विभागाने जून २०२४मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या मसुद्यातही ज्याच्या लाभासाठी फोन झाला त्याला जबाबदार धरले होते. विचार झालेला आहे. तो कारवाईच्या कागदावर उतरत नाही.

माझ्या मते तो उतरवायचा मार्ग परवान्यातून जातो. ज्याला परवाना टिकवायचा आहे तो एजंटाला आवर घालतो. बँका रिझर्व्ह बँकेला बांधील आहेत, विमा कंपन्या आयआरडीएआयला, आणि महाराष्ट्रात फ्लॅट विकणारा बिल्डर नि त्याचा एजंट दोघेही स्थावर संपदा नियामक महारेराला. महारेरा नोंदणी क्रमांकाशिवाय छापलेल्या जाहिरातींवर दंड करते. फोनवर केलेली जाहिरात ही जाहिरातच आहे. तिला वेगळा न्याय का? १९०९वर सिद्ध झालेली प्रत्येक तक्रार, ज्याचा माल विकला जात होता त्याच्या नियामकाकडे आपोआप गेली पाहिजे आणि तिथे त्याच्या नावावर साठत राहिली पाहिजे. नंबर बदलता येतात. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक बदलता येत नाही.

यासाठी तक्रारीच्या नमुन्यात एक रकाना वाढवावा लागेल: फोन कोणासाठी होता? तो येईपर्यंत मी माझ्याकडे येणाऱ्यांना एवढेच सांगते. फोन लगेच आपटू नका. प्रकल्पाचे किंवा बँकेचे नाव विचारा, एजंटाचा नोंदणी क्रमांक विचारा. मग नंबर आणि तारखेसोबत ते नाव वर्णनात लिहून त्याच दिवशी १९०९ला पाठवा, आणि त्याचीच एक प्रत महारेराला किंवा बँकेच्या तक्रार कक्षालाही पाठवा.