पेटीतली कीर्द आणि रविवारचा वर्ग



या ग्रुपवर इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादच्या घरांबद्दल वाचते तेव्हा पुष्कळदा वाटतं, अरे, हे तर आमच्याच घरातलं आहे! आज बडोद्याकडून थोडं लिहिते. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी एकोणतीस वर्षांची. इथल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला सामाजिक विज्ञान शिकवते, तेही गुजरातीतून. शाळेत मुलं मला 'बेन' म्हणतात आणि रविवारच्या मराठी वर्गात 'ताई'. आठवडाभर दोन्ही हाकांना ओ देते.

आमचं घर पाच पिढ्यांपासून बडोद्यात. खापरपणजोबा साताऱ्याकडून आले आणि गायकवाड सरकारच्या दप्तरात कारकून म्हणून लागले. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, १९६० च्या १ मेला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले, आणि आम्ही जागचे न हलता गुजरातचे झालो. आजी म्हणते, "आम्ही कुठे गेलो गं? घर तेच, राज्य बदललं." आमच्याकडे नवी वर्षंही दोन, गुढीपाडवा आणि दिवाळीनंतरचं बेसतं वरस. बोलण्यातही तसंच. आम्ही 'बारी' बंद करतो, 'शाक' करतो, घरी 'कचरा-पोता' होतो. पुण्याची मावशी हसते, हसू दे. तिला 'खिडकी' लागते, आम्हाला वारा आला की झालं.

मला इतिहासाची गोडी लागली ती एका पत्र्याच्या पेटीमुळे. आजोबा गेल्यावर माळ्यावरून ती खाली काढली. आत लाल कापडात बांधलेल्या वह्या, सगळ्या मोडीत. वाचता कोणालाच येईना. आजीची समजूत अशी की त्यात सरकारने दिलेल्या जमिनीची सनद आहे. काका म्हणायचे, एकदा कोणाला तरी दाखवू. 'एकदा' म्हणता म्हणता सात-आठ वर्षं गेली. शेवटी बी.एड. झाल्यावरच्या सुटीत मी पुण्याला मावशीकडे राहून मोडीचा वर्ग केला.

मोडीची एक गंमत सांगते. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं, हात न उचलता. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फारशी फिकीर नाही. गुजराती लिपीला तर वरची रेघच नसते. त्यामुळे शाळेत एका लिपीत फळ्यावर लिहायचं आणि घरी येऊन दुसरीची रेघ ओढत बसायचं, असं माझं वर्षभर चाललं. वळण समजायला महिना लागला, पण खापरपणजोबांचं अक्षर समजायला वर्ष.

सनद निघालीच नाही. त्या वह्या म्हणजे घरची रोजकीर्द होती. तूप, गूळ, रॉकेल, धोब्याचे, देवळात ठेवलेले, कोणाला हातउसने दिलेले. आजी हिरमुसली. मी मात्र वाचत राहिले, आणि संवत १९६४ च्या वहीत, म्हणजे इसवी सन १९०७-०८ च्या सुमाराची, एक ओळ सापडली. काही आणे खर्ची टाकलेले आणि पुढे लिहिलेलं, 'दंड, मुलीचे शाळेबद्दल'.

हे मी वर्गात शिकवते ना! सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. मुलींनाही. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होत असे. परीक्षेत दोन गुणांना येणारी ही गोष्ट. आणि तो दंड आमच्याच घराने भरलेला! सरकारच्या दप्तरात बसणारा माणूस, सरकारचा हुकूम रोज डोळ्यांखालून जाणारा, आणि स्वतःची मुलगी घरी.

काका म्हणाले, "हे बाहेर सांगायची काय गरज? सांगायचंच तर दरबारात कारकून होते एवढं सांग." त्यांचं मला कळतं. आपण परमुलखात राहणारी माणसं, पूर्वजांच्या मोठेपणावरच आपली ओळख टिकते असं वाटतं. पण मी नववीच्या मुलांना ती ओळ दाखवली. माझ्याच घरची आहे हेही सांगितलं. त्या दिवशी वर्गात जेवढे प्रश्न आले तेवढे पुस्तकातला धडा वाचून कधी आले नव्हते. एका मुलीने विचारलं, "बेन, मग ती शाळेत गेली का?"

कीर्दीत तो दंड पुन्हा दिसत नाही, पण त्यावरून काही ठरत नाही. मी घरी येऊन आजीला विचारलं. ती मुलगी म्हणजे आजोबांची आत्या. आजी लग्न होऊन आली तेव्हा आत्याबाई साठीकडे झुकलेल्या. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आत्याबाई दुपारी पोथी वाचायच्या. बोट ठेवून, एकेक अक्षर. आम्हाला वाटायचं, ऐकून पाठ असेल." पाठ असणारा माणूस ओळीवर बोट कशाला ठेवेल? आजीलाही हे सांगता सांगताच उमगलं असावं, कारण नंतर तिने सनदेचं नाव काढलेलं नाही.

तेव्हापासून रविवारी सकाळी दांडिया बाजाराजवळ एका देवळाच्या मागच्या खोलीत मी वर्ग घेते. पहिल्या दिवशी चौदा मुलं होती, आता सहा-सात येतात. बाकीच्यांना ट्यूशन. पालक म्हणतात, मुलं घरी मराठी बोलतात की. बोलतात, खरंच. बोलणं आईच्या मागेमागे फिरून येतं. वाचणं तसं येत नाही, त्यासाठी कोणाला तरी शेजारी बसावं लागतं. हिंदीमुळे मुलांना देवनागरी ओळखता येते, पण मराठीचं पान समोर आलं की 'चमचा' आणि 'चहा' यांतला च वेगळा आहे हे कोणी सांगितलेलं नसतं. माझी आई ज्या शाळेत मराठी माध्यमातून शिकली, तिथे आता मराठीचा एकही वर्ग नाही.

मोडी साधारण १९५० पर्यंत व्यवहारातून गेली. घरात भांडण नाही, रडारड नाही. एका पिढीने मुलांना शिकवली नाही, एवढंच. पुढच्या पिढीला तिच्याच आजोबांचा हिशेब वाचता येईना. मराठी पुस्तकांचंही आपल्या घरांत असंच शांतपणे होईल की काय, ही माझी भीती आहे. २०१८ मध्ये ९१ वं साहित्य संमेलन बडोद्यात झालं, आम्ही सगळे नटूनथटून गेलो. छानच वाटलं. पण त्यानंतर घरात किती पानं वाचली गेली, हे ज्याचं त्याने पाहावं.

आता वर्गात एक गुजराती मुलगाही येतो, माझ्याच शाळेतला. त्याच्या दादांच्या घराच्या जुन्या कागदावर मोडीत शेरा आहे, तो त्याला स्वतः वाचायचाय. रेघ सगळ्यात सरळ तोच ओढतो! आमची मुलं चिडतात आणि त्या ईर्ष्येने अभ्यास करतात. मला चालतं.

एक विनंती करते. कोणाकडे अशी बाडं असतील तर रद्दीत घालू नका. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा आणि मोबाईलवर नीट फोटो काढून ठेवा. आणि वाचून घेताना सनदच निघावी असा हट्ट धरू नका. तुमच्या घरात वाचायला शिकलेली पहिली बाई कोण, हे माहीत असेल तर खाली जरूर लिहा. मी ते रविवारी मुलांकडून मोठ्याने वाचून घेणार आहे.