पाण्याची पाळी आणि टेनिसचा आठवडा

जानेवारीचा पहिला आठवडा आला की आमच्या खात्यातल्या माणसाला हरभऱ्यावरची घाटेअळी आठवते. मला तिच्याबरोबर टेनिसही आठवते. हसू नका. कोरडवाहू तालुक्यात तीस वर्षे कृषी विस्ताराचे काम करणाऱ्या माणसाचा टेनिसशी काय संबंध, असे आमचे दादाही विचारतात. तो संबंध सांगावा म्हणूनच आज लिहितो आहे.

२०१८ सालचा पावसाळा आठवून पाहा. ऑक्टोबरअखेर सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. आमच्या सोलापूरकडे जोंधळा गुडघ्याएवढाही झाला नव्हता आणि लोक छावणीची मागणी करीत होते. अशात जानेवारी २०१९ मध्ये बैठकीसाठी पुण्याला गेलो आणि मुक्काम पडला. दादांचा मुलगा तिथे कृषी महाविद्यालयात शिकत होता. तो म्हणाला, "काका, उद्या बालेवाडीला टेनिसचा अंतिम सामना आहे. दोन तिकिटं मिळालीत. चला की!"

मन तयार होत नव्हते. गावाकडे जनावरे उपाशी आणि आपण खेळ बघायचा? तेवढ्यात दादांचा फोन आला. मी भीत भीतच सांगितले. ते म्हणाले, "जा रं. आणि तो चेंडू इकडून तिकडं मारून पाऊस पडत असला तर येताना त्यास्नी संगं घिऊन ये."

गेलो. दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन अँडरसन आणि क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच समोरासमोर होते. दोघेही साडेसहा फुटांपेक्षा उंच. सर्व्हिस अशी की चेंडू दिसायचाच नाही, नुसता आवाज यायचा. टेनिसमध्ये सहा-सहा अशी बरोबरी झाली की निकालासाठी एक छोटा डाव खेळतात, त्याला टायब्रेक म्हणतात. त्या दिवशी तिन्ही सेट टायब्रेकवर गेले. पहिला अँडरसनने घेतला, दुसरा कार्लोविचने, आणि तिसरा पुन्हा अँडरसनने थोडक्यात घेतला. कार्लोविच त्या वेळी एकोणचाळीस वर्षांचा होता. या खेळात हे वय म्हणजे बैल कधीच दावणीला बांधायचे वय. पण हरल्यावरही तो माणूस ताठ उभा होता. त्याच्याकडे बघताना आमच्या भागातली कितीतरी माणसे मला आठवली.

परतताना पुतण्याने स्पर्धेची सारी कुळकथा सांगितली. १९९६ साली ती दिल्लीत सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी चेन्नईला गेली आणि २०१७ पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे तिथे राहिली. तिथून २०१८ साली पुण्यात आली ती 'महाराष्ट्र ओपन' होऊन. मी विचारले, "अरे, स्पर्धा म्हणजे काय बिऱ्हाड आहे का, असे हलायला?"

तेव्हा त्याने जे सांगितले ते आपल्या शेतकऱ्यांना लगेच कळेल. जगभरातल्या पुरुष खेळाडूंच्या व्यावसायिक स्पर्धांचे एक वेळापत्रक असते. जशी कालव्याच्या पाण्याची पाळी ठरलेली, तसा प्रत्येक स्पर्धेचा आठवडा ठरलेला. जिंकणाऱ्याला २५० गुण मिळतात, म्हणून हिचा दर्जा '२५०' चा. त्या गुणांवर खेळाडूचा जागतिक क्रमांक ठरतो आणि क्रमांकावर पुढच्या स्पर्धेतला प्रवेश. पण त्या आठवड्याचा परवाना ज्याच्याकडे, तो मालक वेगळा आणि मैदान, माणसे, पैसा उभा करणारा यजमान वेगळा. यजमान म्हणजे कराराने कसणारा. करार संपला की पाळी दुसऱ्या चारीला जाऊ शकते.

चेन्नईच्या काळातल्या गोष्टी त्याला तोंडपाठ होत्या. २००५ साली कार्लोस मोया हा स्पॅनिश खेळाडू तिथे जिंकला. काही दिवसांपूर्वीच त्सुनामीने तो किनारा उद्ध्वस्त केला होता. मोयाने बक्षिसाची रक्कम त्सुनामीग्रस्तांना देऊन टाकली. २००८ साली राफेल नदालने उपांत्य सामना जवळजवळ चार तास झुंजून जिंकला आणि दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात त्याला दोन सेटमध्ये मिळून एकच गेम घेता आला. अंगातले पाणीच संपले होते. आणि चेन्नईला सर्वांत जास्त, चार वेळा जिंकला तो स्वित्झर्लंडचा स्टॅन वावरिंका. त्याच्या आईवडिलांची सेंद्रिय शेती होती आणि तो त्या शेतावरच वाढला, हे ऐकल्यावर मी पुतण्याला म्हटले, "हे तुझ्या बापाला आवर्जून सांग."

आपल्या मुलांसाठी या स्पर्धेचा खरा उपयोग वेगळाच होता. गुण कमी असले तरी काही जागा यजमानाला आपल्या पसंतीने भरता येतात. त्याला वाइल्ड कार्ड म्हणतात. सोमदेव देववर्मन २००९ साली त्याच वाटेने चेन्नईत शिरला आणि मोया, कार्लोविच अशांना हरवून अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिथे मारिन चिलिचने त्याला हरवले, पण देशाला एक खेळाडू मिळाला. पुण्यात २०१८ साली अर्जुन कढे या पुण्याच्या मुलाला तशी संधी मिळाली. २०२३ साली मिळाली ती अवघ्या पंधरा वर्षांच्या मानस धामणेला. दोघेही पहिल्याच फेरीत हरले. पण घरच्या मैदानावर मोठ्याशी झुंजून हरणे हेसुद्धा एक शिक्षण असते. दुहेरीत रोहन बोपण्णा २०१९ साली दिविज शरणबरोबर आणि २०२२ साली रामकुमार रामनाथनबरोबर पुण्यात जिंकला. तो कूर्गच्या कॉफी मळेवाल्याचा मुलगा. पुढे २०२४ साली, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्याने ऑस्ट्रेलियन ओपनचे दुहेरीचे विजेतेपद मिळवले.

पुण्यात मात्र पाचच स्पर्धा झाल्या. २०२१ साल कोरोनाने खाल्ले. २०२३ च्या जानेवारीत नेदरलँड्सचा टॅलन ग्रीक्सपूर जिंकला आणि तो शेवटचा विजेता ठरला. पुढच्या जानेवारीत तशीच स्पर्धा हाँगकाँगला भरली. तिथे या दर्जाचा खेळ २००२ नंतर बंद पडला होता. एका चारीचे पाणी बंद झाले तेव्हा दुसरीला सुटले.

पुतण्या आता गावी शेती बघतो. त्याने मला फोन केला तो अगदी हिरमुसून. "काका, सत्तावीस स्पर्धा झाल्या आणि शेवटी हाती काय राहिलं? सगळं वायाच की!"

त्याचा प्रश्न मला झोंबला, कारण तो मी स्वतःलाच विचारीत आलो आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका गावात हरभऱ्याच्या सुधारित लागवडीची प्रात्यक्षिके घेतली. पाच वर्षे खपलो. मग निधी आटला, योजना गुंडाळली, पाटी गंजून पडली. त्या रस्त्याने जायचे मी टाळीत असे. निवृत्ती जवळ आली तसे वाटू लागले, माझ्या तीस वर्षांत अशा किती पाट्या पडल्या असतील!

गेल्या ऑक्टोबरात त्या गावी जाणे भागच पडले. एका घराच्या ओसरीवर एक आजीबाई गुळाच्या गार पाण्यात रायझोबियम कालवून हरभऱ्याच्या बियाण्याला चोळीत होत्या. दहा किलोला २५० ग्रॅमचे एक पाकीट, अगदी बरोबर. मी म्हटले, "आजी, हे कुणी शिकवलं?" त्यांनी मान वर करून मला ओळखले. म्हणाल्या, "सायेब, तुम्हीच की! सावलीत वाळवायचं, उन्हात न्हाई, असं किती येळा वरडला व्हता." त्यांची सूनही शेजारी बसून तेच करीत होती.

मी पुतण्याला ही हकिगत सांगितली आणि म्हटले, "बाळा, पाळी गेली म्हणून मुरलेले पाणी जात नाही. बालेवाडीची कोर्टे जागेवर आहेत. २०२४ साली तिथेच खालच्या पायरीची चॅलेंजर स्पर्धा भरली. पंधराव्या वर्षी मोठ्यांशी खेळलेल्या मुलाचा अनुभव कोणता करार परत नेणार? तूच बघ, तुला त्या खेळाची गोडी लागली ती गेली का?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, वावराच्या कडेला जरा सपाट जागा आहे. जाळी बांधीन म्हणतो, पोरं खेळतील."

मागून दादांचा आवाज आला, "आधी हरभऱ्याला पाणी दे म्हणावं, मग जाळी!"

दोन्ही कामे झाली. जाळी जुन्या मच्छरदाणीची आहे, पण पोरे खेळतात.