मायलेकींचा उजेड

आमच्या गावात मोटारींचे नंबर रंगविणाऱ्याच्या दुकानावर ‘रेडियम’ अशी ठसठशीत पाटी आहे. रात्री चमकणाऱ्या पट्टीला आपल्याकडे सरसकट रेडियमच म्हणतात. त्यात रेडियम औषधालाही नसते. आणि नसते तेच बरे! खरे रेडियम शोधणारी बाई आणि तिची थोरली लेक, या दोघी मला दिवाळीत हटकून आठवतात. घरोघर मायलेकी पणत्या लावीत असतात, म्हणून असेल.

1898 च्या डिसेंबरात मेरी आणि पिएर क्यूरी यांनी रेडियमचा शोध जाहीर केला, तेव्हा त्यांची आयरीन होती सव्वा वर्षाची. पुढची काही वर्षे पॅरिसमधल्या एका गळक्या छपराखाली मेरी टनावारी खनिज उकळीत, ढवळीत होती. रात्री मुलगी निजली की नवराबायको कधी कधी पुन्हा तिथे जात आणि अंधारात मंद चमकणाऱ्या नळ्यांकडे पाहत राहत. त्या उजेडाने मेरीची बोटे भाजली, तरी तिचे त्याच्यावरचे प्रेम काही आटले नाही.

1906 साली पिएर घोड्यांच्या मालगाडीखाली सापडून गेला. मग आई परगावी असली की मायलेकींची पत्रे चालत, आणि त्या पत्रांत चक्क गणिते असत! आम्हा मास्तरमंडळींना हे वाचून भरून येते. आपल्या पत्रांत कुशल, हवापाणी आणि पैसे पोचल्याची पावती; इथे बीजगणित.

1914 च्या ऑगस्टात युरोपातले एक जुने जग मरायला लागले. जर्मन सैन्य पॅरिसच्या रोखाने येऊ लागले, तेव्हा प्रयोगशाळेतले मोलाचे ग्रॅमभर रेडियम शिशाच्या जड पेटीत घालून मेरी आगगाडीने बोर्दोला गेली, ते तिजोरीत ठेवले आणि लगेच माघारी फिरली. बाकीचे लोक पॅरिस सोडीत होते, ही परत येत होती. मग तिने मोटारींत क्ष-किरणांची यंत्रे बसविली. मोटारीच्याच इंजिनावर डायनामो फिरायचा आणि जखमी शिपायाच्या अंगातली गोळी पडद्यावर दिसायची. अशा सुमारे वीस गाड्या आणि दोनशे ठाणी तिने उभी केली, आणि दीडशेच्या आसपास बायका या कामात तयार केल्या.

त्यांतली एक आयरीन. सतराव्या वर्षी ती आईबरोबर आघाडीवर जाऊ लागली. पुढे बेल्जियममधल्या होग्स्टाडच्या इस्पितळात आईने तिला एकटीलाच ठेवले. दोन बाजूंनी घेतलेल्या चित्रांवरून गोळी किती खोल आहे हे भूमितीने काढायचे. तिथल्या लष्करी डॉक्टरला ती भूमिती पटत नव्हती. पोरीने ती करून दाखविली. तिचा अठरावा वाढदिवस तिथेच, आईवाचून झाला.

माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. ती परीक्षेला तालुक्याला जाते तेव्हा परतीची एस. टी. येईतो माझा जीव थाऱ्यावर नसतो. आणि ही आई लेकीला तोफांच्या आवाजात सोडून येते, तेही अशा यंत्रापाशी, जिथे रक्षणाला हातमोजे आणि शक्य तेव्हा एखादा लहानसा धातूचा पडदा! तिचे काळीज कशाचे होते, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. रागावून पाहिले, ते जमले नाही. त्या गाडीपाशी स्ट्रेचरवर पडलेली पोरेही कुणाच्या तरी आयांचीच होती ना!

1934 च्या जानेवारीत आयरीन आणि तिचा नवरा फ्रेडरिक जोलिओ यांनी कृत्रिम किरणोत्सर्ग शोधून काढला. ती लहानशी नळी त्यांनी मेरीच्या हाती दिली. किरणांनी खरचटलेल्या बोटांत ती धरून मेरीने मोजयंत्राजवळ नेली, आणि यंत्र टकटकू लागले. जुलैत ती गेली. 1935 चे नोबेल लेकीला मिळालेले पाहणे तिच्या नशिबी नव्हते.

मेरीचा आजार रक्त न बनण्याचा. 1995 मध्ये तिची शवपेटी पँथिऑनमध्ये हलविताना तपासणी झाली, तेव्हा जाणकारांचा संशय रेडियमपेक्षा युद्धातल्या त्या क्ष-किरणांकडे अधिक गेला. आयरीन 1956 च्या मार्चात रक्ताच्या कर्करोगाने गेली. मेरीच्या टिपणवह्या आजही किरण सोडतात. रेडियम निम्मे व्हायलाच सोळाशे वर्षे लागतात.

आयरीनची मुलगी एलेन. तीही अणुभौतिकीकडेच वळली. आयरीनने तिला अडविले असेल, असे मला वाटत नाही.